हाताशी असलेली बॅटरी

सेलू, १२ नोव्हेंबर २००८

प्रिय भूपा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकला असशील. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. ताईला काम पडलं म्हणून ताईने लिहिलं, एवढंच.

आई जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून ना तू ओळ लिहिलीस, ना मी. ते आज उकरत नाही. मला एका दिव्याबद्दल विचारायचं आहे, आणि आपल्या चार भावंडांत पेचकस सरळ धरता येणारा तू एकटाच आहेस. दादाला विचारलं तर तो गाडीच विकून टाक म्हणेल. रक्षाताई अमरावतीला बसून देवाला नारळ बोलेल.

गाडी म्हणजे माझी. मार्चमध्ये मी विजेवरची स्कूटर घेतली. हास, खुशाल हास. पन्नाशीची बाई तोंडाला रुमाल बांधून पोपटी स्कूटरवर चालली, म्हणून अख्खं सेलू हसून झालं आहे. हिला पेट्रोल नको, लायसन नको, कुठली तपासणी नको. घरी खिडकीतून वायर टाकून लावून ठेवली की दुपारपर्यंत तयार.

वर्ध्याच्या वाचनालयात मी अजून आहे. दुपारी दोन ते सात. जाऊन-येऊन छत्तीस किलोमीटर पडतात. उन्हाळ्यात गाडीने काही कुरकुर केली नाही. पावसाळ्यात सीटखालची एक डबी जळली आणि दिवा बंद पडला. आपल्या चौकातला गुलाब मिस्त्री आठवतो ना, तुझ्या वर्गातला? त्याने डबी काढून टाकली आणि दिव्याची वायर कुठेतरी जोडून दिली. दिवा लागला. पण दिवाळीपासून गाडी परतताना पवनारच्या पुढे दम तोडते. वाचनालयात प्लग आहे, पण मी असते तोवर तिथे भारनियमन, आणि वीज येते तेव्हा मी निघालेली असते. एक गोष्ट लक्षात आली: दिवा बंद ठेवला तर गाडी घरापर्यंत येते. म्हणून दोनदा तशीच आले, चांदण्यात. हे दादाला कळवायचं नाही.

वाचनालयाचे चिटणीस बापूराव म्हणतात की हॅलोजनचा बल्ब वीज फार खातो, आता एलईडी नावाचे दिवे निघालेत ते चिमणीएवढं खातात. वर्ध्यात विचारलं तर दुकानदाराने मला किल्लीच्या साखळीतला दिवा दाखवला. गाडीला असा दिवा बसतो का? बसवायचा कसा?

तुला वाटेल, एवढ्याशा दिव्यासाठी काय अडलंय. अडलंय असं की दादाने सांगून ठेवलं आहे, संक्रांतीपर्यंत बघ, नाहीतर घराला कुलूप लाव आणि नागपूरला ये. तिथे माझं काय काम असेल ते मला ठाऊक आहे, नातवांचे डबे आणि वहिनीची गुडघ्याची मालिश. मला जायचं नाही, भूपा. वाचनालय सुटलं तर मी माझी राहणार नाही.

फोन करू नकोस. पत्रच लिही.

तुझी,
ताई


वापी, २० नोव्हेंबर २००८

ताई,

पत्र मिळालं. फोन करू नकोस हे तू लिहिलं नसतंस तरी मी केला नसता. एकदा कळलं तेवढं पुरे आहे.

दिव्याचं विचारलंस, त्याचं उत्तर देतो.

सीटखाली चार बॅटऱ्या असतील, प्रत्येकी बारा व्होल्टची. चारी एका रांगेत जोडलेल्या असतात. मोटर चालते अठ्ठेचाळीसवर, दिवा चालतो बारावर. जी डबी जळली ती अठ्ठेचाळीसचे बारा करणारी होती. ती काढून टाकल्यावर गुलाबने दिवा कुठून घेतला ते मला कळलं पाहिजे. गाडी थांबेल तेव्हा त्याला मीटर घेऊन बोलव आणि चारही बॅटऱ्यांवर वेगवेगळा आकडा घे. आकडे लिहून पाठव. अंदाजे नको.

एलईडी बसतो. बाजारात स्कूटरचा तयार मिळत नाही, मी करून पाठवेन. इथे कारखान्यात सामान मिळतं.

दिव्याशिवाय गाडी चालवू नकोस. समोरच्याला तू दिसली पाहिजेस.

रेखा बरी आहे. स्वीटी आठवीत आहे, अभ्यासात असते.

भूपेंद्र


सेलू, २८ नोव्हेंबर २००८

प्रिय भूपा,

'भूपेंद्र' अशी सही करायला तू काय बँकेचा मॅनेजर झालास? असो.

आकडे घेतले. परवा गाडी गावाजवळच थांबली, देवानेच थांबवली म्हण. मी ढकलत चौकात आणली. गुलाबने सीट उघडली आणि मीटर लावलं. तो म्हणाला, "ताई, भूपेंद्र तिकडून कागदावर काऊन तपासून राह्यला? त्याले म्हना, येजो एक डाव, पाहून जाजो." मी म्हटलं, तो मोठा माणूस आहे, त्याला वेळ नाही. गुलाब मान हलवत बसला.

हे आकडे: बारा पूर्णांक दोन, बारा पूर्णांक दोन, बारा पूर्णांक एक, आणि शेवटची नऊ पूर्णांक चार. गुलाबने दिवा त्या शेवटच्या बॅटरीवरूनच घेतला आहे. कोणत्यावरून घेतला विचारलं तर म्हणाला, "तेच हाताशी होती न ताई. बाकीच्या तिनी आत फसून हायेत." त्याच्या मते ही चौथी बॅटरी मुळातच खराब निघाली, कंपनीने गळ्यात मारली. खरं का?

तू म्हणालास तसं मी दिवा लावूनच येते आता. म्हणजे पवनारपर्यंत दिवा, पुढे ढकलगाडी. काल साडेनऊ वाजले घरी यायला. घरात पाऊल टाकलं की पहिल्यांदा काय करते सांगू? आईच्या खाटेकडे बघून "आले गं" म्हणते. खाट मी उचललेली नाही. गादी काढून तिच्यावर वाचनालयातली फाटकी पुस्तकं ठेवलीत, रविवारी डिंकाने चिकटवायला. कोणी विचारत नाही उशीर का झाला म्हणून. उशीर झाला तरी तो फक्त मलाच होतो.

स्वीटी आठवीत, म्हणजे चौदाची. मी तिला पाच वर्षांची पाहिली होती. फोटो पाठवशील?

ताई


वापी, ६ डिसेंबर २००८

ताई,

आकडे चांगले घेतलेस. दोष सापडला.

बॅटरी मुळात खराब नव्हती. गुलाबला सांग, कंपनीला शिव्या देऊ नकोस. चारही सारख्याच निघाल्या होत्या. गाडी ओढायचं काम चौघी मिळून करतात, त्यात कुणावर जास्त ओझं नसतं. पण दिवा त्याने एकाच बॅटरीवर टाकला. आता तिला दुहेरी काम झालं, चौघींबरोबर गाडी ओढायची आणि वरून पस्तीस वॅटचा दिवा एकटीने जाळायचा. तीच का, तर त्याला काही कारण नसतं. ती हाताशी असते. रात्री चार्जर चौघींना सारखंच देतो, त्यामुळे तिचं जास्तीचं गेलेलं कधीच भरून निघत नाही. रोज थोडी थोडी मागे पडत जाते. बाकीच्या तिघी ठणठणीत असतात, त्यांना काही कळतही नाही. मग एक दिवस ती बसते, आणि ती बसली की सगळी गाडी थांबते. आणि लोक म्हणतात, हीच खराब निघाली.

यावर उपाय दोन. दिवा तिच्यावरून काढून पुन्हा चौघींवर टाकायचा, त्यासाठी नवी डबी पाठवतो. आणि दिवाच हलका करायचा. नऊ वॅटचा एलईडी मी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवला आहे, म्हणजे तापणार नाही. हॅलोजन काढून त्याच भांड्यात घट्ट बसेल. उजेड पांढरा पडेल, पिवळ्याची सवय जायला दोन दिवस लागतील. त्या चौथ्या बॅटरीला सोडवून दोन दिवस एकटीला सावकाश चार्ज करायचं. घाई करायची नाही. बरीच भरून येईल.

एक महत्त्वाचं. हॅलोजनला उलटं-सुलटं नसतं, कशीही वायर जोडा, लागतो. एलईडीला प्लस-मायनस लागतं. मी दोन वायरी काढल्या आहेत. लाल ती प्लस, काळी ती मायनस. गाडीची काळी माझ्या काळीला, उरलेली लालला. हे गुलाबला वाचून दाखव.

पार्सल आजच टाकतो.

भूपा


सेलू, १६ डिसेंबर २००८

प्रिय भूपा,

पार्सल काल आलं. पत्र त्याच्या आधी पोचलं होतं. पत्र मी चारदा वाचलं.

पहिल्यांदा बॅटरीचं म्हणून वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चहा निवला. "बाकीच्या तिघी ठणठणीत असतात, त्यांना काही कळतही नाही." हे तू कुणाबद्दल लिहिलंस? बाबा सहा वर्षं अंथरुणावर, मग आई तीन वर्षं. दादाची नोकरी नागपूरला, रक्षाताईचं सासर अमरावतीला, तू बाबांशी भांडून गेलास तो गेलासच. तीच का, तर काही कारण नव्हतं. मी हाताशी होते. मला दोन स्थळं आली होती, तुला आठवतं का? सिंदीचं आणि हिंगणघाटचं. बाबा म्हणाले, "हे वर्ष जाऊ दे." वर्षं गेली.

मला रडू आलं ते याचं नाही. ते मी कधीच गिळलं आहे. रडू आलं ते शेवटच्या वाक्याला. लोक म्हणतात, हीच खराब निघाली. दादा मागे सगळ्यांसमोर म्हणाला, "प्रमिलाचा स्वभावच तसा, कोणाशी बोलत नाही, कोणाचं ऐकत नाही." तू हे समजून लिहिलं असशील तर मला एवढं वर्षानुवर्षं का ताटकळत ठेवलंस? आणि न समजता लिहिलं असशील तर तुझ्याइतका बैल तूच.

आता दुसरं. पार्सलचं मांजरपाट तू स्वतः शिवलंस. हे टाके बाईमाणसाचे नाहीत. बोटभर लांब टाका आणि दोऱ्याला गाठी तीन-तीन. रेखा वहिनी घरात असती तर असं पार्सल उंबरठ्याबाहेर पडू दिलं नसतं तिने. मी फोटो मागितला, तू त्यावर एक अक्षर लिहिलं नाहीस. घरी कोण आहे, भूपा?

डबी आणि दिवा गुलाबकडे दिला. गुरुवारी बसवतो म्हणाला. तुझं लाल-काळं त्याला वाचून दाखवलं.

ताई


वापी, २४ डिसेंबर २००८

ताई,

बैल म्हणालीस ते बरोबर आहे. मी बॅटरीबद्दलच लिहिलं होतं. तुझं पत्र आल्यावर माझंच वाक्य तुझ्या अक्षरात वाचलं आणि खोलीत उभाच्या उभा राहिलो. मीही त्या तिघींतला एक. मला कळतही नव्हतं असं म्हणणार होतो, पण ते खोटं होईल. कळत होतं. दूर राहिलं की कळलेलं दाबून ठेवायला सोपं जातं.

घरी कोणी नाही. रेखा स्वीटीला घेऊन दोन वर्षांपूर्वी माहेरी राजकोटला गेली. भांडण मोठं नव्हतं, माझं तोंड बंद राहणं मोठं होतं. स्वीटी आठवीत आहे हे मी वर्षं मोजून लिहिलं. फोटो माझ्याकडेही सहावीपर्यंतचेच आहेत. कारखान्याने गेल्या महिन्यात आमच्या खात्यातली निम्मी माणसं कमी केली, त्यात मी आहे. दिवा मी खोलीवर बसून केला. बऱ्याच दिवसांनी कोणासाठी तरी काही केलं, बरं वाटलं.

आता तू विचारलंस म्हणून मीही विचारतो. आई आजारी होती तेव्हा मी तीनदा घरी फोन केला. तिन्ही वेळा तूच उचललास. मी म्हणालो, "ताई, मी भूपा." तू म्हणालीस "कोण?" आणि ठेवून दिलास. तिसऱ्या वेळी मी बूथमध्ये ओरडलो, बाहेरची माणसं बघायला लागली. तू पुन्हा "कोण?" म्हणालीस आणि ठेवलास. मग दादाचं पत्र आलं, आई गेल्याचं, तेही पाच दिवसांनी. माझं नाव ऐकून जिथे फोन ठेवतात त्या घरात मी कोणत्या तोंडाने आलो असतो? तू मला क्षमा केली नव्हतीस तर तसं सांगायचं होतंस.

दिवा लागला का ते लिही.

भूपा


(पोस्टकार्ड)

सेलू, ता. २७ डिसेंबर

भूपेंद्रभाऊ,

मी गुलाब. ताई तुमाले लिहिनार नाई म्हून मी लिहून राह्यलो. पत्ता पार्सलच्या कापडावरून घेतला. तुमी धाडलेला दिवा बसवला पन थो लागलाच नाई. काळीले काळी जोडली, तुमी सांगतलं तशीच. डबी बराबर हाय, मीटरवर बारा दाखवते. मले वाटलं दिवाच खराब हाय. मी म्हनलं ताई उद्या जुना बल्ब लावून देतो, आज गाडी नका नेऊ. ऐकलं नाई, हातात टॉर्च धरून गेलत्या. येताना पवनारच्या पुढं मांगून ट्रॅक्टर आला. थो वळनावर हॉर्न मारून राह्यला होता. ताईले ऐकू येत नाई हे तर तुमाले ठाव असंनच, अन् पुढं दिव्याचा उजेड नाई म्हून त्याले ताई दिसल्या नाई. ट्रॉलीचा धक्का लागला, नालीत पडल्या. उजवा हात मोडला, पलस्तर हाय. गाडीले जास्त लागलं नाई, घरी नेऊन ठेवली. नागपूरच्या दादाले कळवू नको म्हनतात. जमलं तं येजा.

गुलाब


सेलू, २ जानेवारी २००९

प्रिय भूपा,

अक्षर वाकडं दिसेल. थंडीने बोटं आखडलीत, दुसरं काही नाही.

दिवा लागला नाही. गुलाब म्हणतो वाटेत टपालात काही हललं असेल. जाऊ दे. तू मनापासून केलास, मला पोचला.

तुझ्या फोनचं वाचलं. भूपा, मला ऐकू येत नाही.

हे मी आजपर्यंत कुणालाच सरळ लिहिलेलं नाही. तू गेलास त्या वर्षी डावा कान गेला, मग हळूहळू उजवा. मशीन घेतलं होतं, त्यात नुसती शिट्टी वाजायची, ठेवून दिलं. सेलूत सगळ्यांना माहीत आहे. आपल्या घरच्यांनाच नाही, कारण ते येतात दोन दिवसांसाठी, बोलतात तेच, आणि मी ओठ बघून मान हलवते. दादा म्हणतो मी कोणाचं ऐकत नाही. खरंच आहे ते.

तुझे तिन्ही फोन मला आठवतात. आईला दम लागलेला, मी तिच्या उशाशी. शेजारची प्रमोदची मुलगी येऊन हाताने दाखवायची, फोन वाजतोय. मी उचलायचे. आत माशी गुणगुणल्यासारखं काहीतरी. "कोण?" विचारायचे, पुन्हा तीच गुणगुण. दवाखान्यातलं कोणी असेल, आपल्याला कळत नाही, या लाजेने ठेवून द्यायचे. शेवटच्या दिवशी आईचे ओठ हलत होते. रक्षाताई म्हणाली, भूपाचं नाव घेते आहे. मला ओठांवरून तसंच वाटलं. मी तिच्या कानाशी म्हणाले, "त्याने एक फोनसुद्धा केला नाही गं." आई ते ऐकून गेली. आता हे कुणाकडे जाऊन दुरुस्त करू?

वाचनालय का सोडायचं नव्हतं ते आता तुला कळेल. तिथे सगळेच हळू बोलतात, मान हलवतात, चिठ्ठीवर पुस्तकाचा नंबर लिहून देतात. पाच तास मी बाकी सगळ्यांसारखी असते.

पण ते संपलं. मी काल बापूरावांकडे कपाटाची किल्ली पाठवून दिली. दादाला लिहिलं आहे, तो चौदा तारखेला, संक्रांतीला, घ्यायला येतो. गाडी गुलाबला देऊन टाकणार आहे. त्याच्या पोरीला कॉलेजला होईल.

तू स्वतःकडे बघ. राजकोटला पत्र टाक. तुझं तोंड बंद राहतं, हात तर चालतो ना? तुला पत्र बरं जमतं.

ताई


सेलू, आपलंच अंगण
११ जानेवारी २००९, संध्याकाळ

ताई,

या पत्राला तिकीट नाही. दाराच्या फटीतून सरकवतो आहे.

तुझं पत्र परवा मिळालं, गुलाबचं कार्ड आठ दिवस आधीच. कार्ड वाचूनच निघणार होतो, पण खोली सोडायची होती, सामान विकायचं होतं. आज दुपारी वर्ध्याला उतरलो. आधी बापूरावांच्या घरी गेलो. तुझ्या जागी त्यांनी अजून कुणाला घेतलेलं नाही, किल्ली खिशातून काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाले, बाईंना सांगा, पुस्तकं कुणाला सापडत नाहीत.

मग इथे आलो. पाऊण तास दार वाजवतो आहे, ताई. कडी वाजवली, हाका मारल्या. शेजारी सगळे यात्रेला गेलेले दिसतात, एकाही घरात माणूस नाही. शेवटी दमून पायरीवर बसलो. दहा वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की तुला हाक मारणं म्हणजे काय. त्या बूथमध्येही मी असाच ओरडत होतो, आणि तू अशीच पलीकडे होतीस, आपलं काम करत.

बसल्या बसल्या गाडीची सीट उघडली. किल्ली गाडीलाच ठेवतेस, आई कुलपालाच ठेवायची तशी. दिवा खराब नव्हता. चूक माझी. कारखान्यात काळी वायर मायनस असते, म्हणून मी न बघता तसंच लिहून टाकलं. या गाडीत मायनस हिरवी आहे. काळी प्लस आहे. गुलाबने माझ्या अक्षराला मान देऊन उलटं जोडलं, आणि तुझा हात मोडला. मी तुझी गाडी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि चारशे कोसांवरून रंग सांगत होतो. दोन वायरी फिरवल्या. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. यायला मला दहा वर्षं लागली.

दिवा लागला आहे. हे पत्र त्याच उजेडात लिहितो आहे, कारण गावात वीज गेली आहे. आत तुझी चिमणी दिसते, खिडकीच्या गजांतून. तुझी सावलीही दिसते, डाव्या हाताने भाजी चिरतेस.

नागपूरला जायचं नाही. दादाला मी सांगेन, या वेळी तोंडाने. हात जुळेपर्यंत गाडी मी चालवतो, तू मागे बस. मागून काय येतं ते मी ऐकेन. किती दिवस राहणार ते विचारू नकोस. बॅग मोठी आहे. काल राजकोटला पत्र टाकलं आहे, पत्ता इथला दिला आहे.

आता गाडी वळवतो आणि दिव्याचा झोत स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझ्या भिंतीवर टाकतो. पांढरा उजेड दिसला की वळून बघ. दाराखाली कागद असेल.

आणि लवकर ये. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या आहेत. मी मोजल्या.

तुझा,
भूपा